नाव ठेवलं, आता नावं ठेवतात

पत्र एका आईचं आहे. वय ३६, नोकरी करतात, मुलगी सात वर्षांची, दुसरीत. मुलीचं नाव मृषा. (नाव छापलं तरी चालेल, त्याशिवाय प्रश्नच कळायचा नाही, असं त्यांनीच लिहिलंय. ओळख पटेल असं बाकी सगळं काढलं आहे.) या बाईंचं स्वतःचं नाव इतकं सर्रास, की वर्गात त्या नावाच्या चौघी होत्या आणि यांना दहा वर्षं आडनावानंच हाक मारली गेली. म्हणून मुलीचं नाव दुसऱ्या कुणाचं नसावं, एवढी एकच अट होती. बाळंतपणानंतर तिसऱ्या रात्री नवऱ्याला मोबाइलवर हे नाव सापडलं. शेजारी अर्थ दिला होता, ‘गोड, सात्त्विक, लक्ष्मीचं एक नाव’. सात वर्षं सगळ्यांनी कौतुक केलं. दोन महिन्यांपूर्वी एका साखरपुड्यात नात्यातल्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी मुलीला नाव विचारलं, ऐकून हसले आणि चारचौघांत म्हणाले, “मृषा म्हणजे खोटं. पोरीचं नाव खोटी ठेवलंत होय?” तेव्हापासून नणंदा चिडवतात. सासूबाई म्हणतात, राशीचं अक्षर डावललं त्याचं हे फळ, ताबडतोब बदला. नवरा म्हणतो, संस्कृत येतं कुणाला आता, परदेशात लोक मुलीचं नाव न्यूटेला ठेवतात, विषय सोड. आणि मुलीनं त्याच रात्री पांघरुणातून विचारलं, “आई, मी खोटी आहे का?” आईनं सांगितलं, “नाही गं, त्या आजोबांचं काहीतरी चुकलं.” प्रश्न तीन आहेत. नाव बदलावं का? वाईट अर्थाच्या नावाचा मुलीवर परिणाम होईल का? आणि आपण आई म्हणून इतक्या बेफिकीर कशा राहिलो?

ताई,

आधी वाईट बातमी, कारण गेले दोन महिने ती तुम्हाला कुणी नीट दिलेली दिसत नाही. आजोबा बरोबर आहेत. मृषा म्हणजे खोटं, व्यर्थ, उगीच. संस्कृतात ते नामसुद्धा नाही, अव्यय आहे. म्हणजे व्याकरणाच्या हिशेबानं तुम्ही मुलीचं नाव ‘उगाच’ ठेवलंय. (हसू आलं तर हसून घ्या. पत्रावरून वाटतं, या विषयावर तुमच्या घरात तुम्ही सोडून सगळे हसले.) जैन घरांत वाढलेल्यांना ‘मृषावाद’ हा शब्द लहानपणापासून ठाऊक असतो, तो टाळणं हे त्यांच्या व्रतांपैकी एक. लक्ष्मीचा आणि या शब्दाचा काडीचा संबंध नाही.

मग मोबाइलवर तो अर्थ आला कुठून? अशा याद्या कुणी पंडित बसून करत नाही. एकानं लिहिलेलं दुसरा उचलतो, दुसऱ्याचं तिसरा. नावाच्या शेजारचा रकाना रिकामा बरा दिसत नाही, म्हणून त्यात काहीतरी मंगल भरायचं. मुलगी असेल तर लक्ष्मी, दुर्गा किंवा सूर्याचा पहिला किरण. मुलगा असेल तर विष्णूचा अंश. सूर्याला इतके पहिले किरण आजवर कधी नव्हते. आणि हल्लीच्या आईबापांना नाव कसं हवं असतं? दोन-अडीच अक्षरी, शेवटी आकार, मध्ये कुठेतरी श, ष किंवा य, इंग्रजीत लिहायला सुटसुटीत, आणि आसपास दुसऱ्या कुणाचं नसलेलं. या मापात बसणारे चांगल्या अर्थाचे शब्द केव्हाच वापरून झाले; आता मागे उरलेले पुढे येताहेत. श्लेष्मा कानाला किती गोड लागतं! अर्थ कफ. निर्ऋती ही तर वेदांतली देवता आहे, फक्त विनाशाची आणि दुर्दैवाची. मृषा याच रांगेत उभी होती, तुम्ही तिला घरी आणलंत.

ही हौस काही आपलीच नाही. जपानमध्ये चित्रलिपीतल्या अक्षरांना मनाला येईल तो उच्चार देऊन चकचकीत नावं ठेवायची लाट आली होती. शाळेत बाईंना हजेरी वाचता येईना. अखेर २६ मे २०२५ पासून तिथल्या कुटुंबनोंदीत नावाचा उच्चारही नोंदवावा लागतो आणि तो त्या अक्षरांचा लोकांना मान्य असलेला उच्चार असावा लागतो. आपल्याकडे जन्मनोंद करणारा कारकून नावाचा अर्थ विचारत नाही. विचारावा असंही मला वाटत नाही. पण मग ते काम आपल्याकडे राहतं.

तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा. बेफिकीर नव्हतात. बेफिकीर माणसं बाळंतपणाच्या तिसऱ्या रात्री नावाचा अर्थ वाचत बसत नाहीत. तुम्ही अर्थ पाहिलात, तो खोटा निघाला. फसलात, एवढंच. मात्र एक गोष्ट विचारते, रागावू नका. वेगळं नाव कुणाला हवं होतं? चौघींतली एक म्हणून दहा वर्षं आडनावानं हाक ऐकली ती तुम्ही. मृषा तेव्हा जेमतेम तीन दिवसांची होती, तिला एकटेपणही माहीत नव्हतं आणि गर्दीही. आपल्या वर्गातली जुनी उधारी आपण मुलांच्या जन्मदाखल्यावर फेडतो, मीही फेडली आहे. पण उद्या नवं नाव शोधायला बसलात तर हे लक्षात असू द्या. सासूबाईंना राशीचं अक्षर हवंय, तुम्हाला कुणाचंच नसलेलं नाव हवं होतं. या दोन्ही मागण्यांत मुलगी कुठे आहे, ते मला सापडलं नाही.

आता परिणामाचं. दगडू, धोंडू, केरबा, भिकू, उकिर्डा. ही नावं कुणी मुलाचा राग येऊन ठेवलेली नाहीत. आधीची मुलं दगावली की पुढच्याला असं नाव देत, म्हणजे दृष्ट लागणार नाही, मृत्यूला वाटेल इथे नेण्यासारखं काही नाही. अर्थ पाहाल तर कचरा. पण त्याहून जास्त कळवळून ठेवलेलं नाव मराठीत दाखवून द्या. आणि हा अर्थ पुढे टिकतो किती? धोंडो केशव कर्वे १८५८ मध्ये जन्मले, १९१६ मध्ये त्यांनी महिलांसाठी विद्यापीठ काढलं, शंभराव्या वर्षी, १९५८ साली, भारतरत्न झाले. महर्षी कर्वे म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे धोंडा येतो? उलट गोड अर्थाचीही हमी नसते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे आपल्या आज्या केव्हाच सांगून गेल्यात.

नावाचा परिणाम अजिबात होत नाही, असं मात्र नाही. अमेरिकेत बॉस्टन आणि शिकागो इथल्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ज सारख्याच वकुबाचे, नावं तेवढी वेगळी. गोऱ्यांची वाटतील अशी नावं असलेल्या अर्जांना, काळ्यांची वाटतील अशा नावांच्या अर्जांपेक्षा साधारण दीडपट बोलावणी आली. त्यात नावाचा अर्थ कुणी उघडून पाहिला नव्हता. नावावरून माणूस कुठल्या समाजातला असेल हे ताडलं आणि दार लावून घेतलं. म्हणजे नाव काम करतं ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात. नक्षत्रात नाही की शब्दकोशातही नाही. मृषाच्या बाबतीत ऐकणाऱ्यांच्या डोक्यात सात वर्षं काही नव्हतं. आता ते नणंदांच्या डोक्यात आहे. मराठीत एका अनुस्वाराचा फरक आहे बघा: नाव ठेवणं आणि नावं ठेवणं. तुमच्या घरात पहिलं सात वर्षांपूर्वी झालं, दुसरं दोन महिन्यांपूर्वी सुरू झालं, आणि मुलीला त्रास दुसऱ्याचा होतोय.

इतकं सगळं खरं असूनही तुमच्या नवऱ्याचं ‘विषय सोड’ मला पटत नाही. (न्यूटेलाचं त्यांना सांगा, ती गोष्ट अर्धीच त्यांच्या कानावर आली आहे. उत्तर फ्रान्समधल्या न्यायालयानं ते नाव चालवून घेतलं नाही. आईबाप सुनावणीला फिरकलेच नाहीत, तेव्हा न्यायालयानं मुलीचं नाव एला करून टाकलं. जानेवारी २०१५ मध्ये ही बातमी जगभर छापून आली.)

काही नावं मुलाला खरंच टोचतात. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात २८५ मुलींची नावं एका समारंभात बदलली. त्या सगळ्या नकोशी, नकुसा होत्या. मुलगा हवा असताना झालेल्या मुली. बंगालीत हेच नाव ‘आन्नाकाली’ होतं, म्हणजे आणखी नको गं काली. तुर्कीत ‘येतेर’, म्हणजे पुरे. चिनी घरांत ‘झाओदी’, म्हणजे भावाला बोलावून आण. असल्या नावाचा अर्थ कळायला संस्कृतचे निवृत्त शिक्षक लागत नाहीत. हाक मारली की अर्थ पोचतो, दिवसातून पन्नास वेळा, आणि मारणाऱ्याला तो माहीत असतो. तुमच्या घरात मृषा म्हणून हाक मारताना कुणाच्या मनात खोटं नव्हतं. या दोन गोष्टी एका तागडीत घालू नका. दगडू हे नाव प्रेमापोटी ठेवलेलं आणि वाईट अर्थाचं, नकोशी हे नाव मनातूनच वाईट, आणि मृषा हे नाव हौसेपोटी आणि अज्ञानातून. सासूबाई तिन्हींना एकच औषध देताहेत.

मग तुमच्या मुलीला टोचतंय की नाही, हे कसं ओळखायचं? न्यूझीलंडमधलं एक प्रकरण सांगते. २००८ मध्ये न्यू प्लिमथच्या कुटुंब न्यायालयात आईबापांचा ताब्याचा वाद चालू होता. मुलगी नऊ वर्षांची, नाव ‘तलुला डझ द हुला फ्रॉम हवाई’. तलुला हवाईचा हुला नाच करते, असं अख्खं वाक्यच नाव म्हणून दिलेलं. न्यायाधीशांनी नाव बदलता यावं म्हणून मुलीला तेवढ्यापुरतं न्यायालयाच्या पालकत्वाखाली घेतलं. नाव विचित्र होतं हे खरं, पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या मुलीनं आपल्या मैत्रिणींना आपलं नाव कधी सांगितलंच नव्हतं. तिला सगळे ‘के’ म्हणत.

तेव्हा शब्दकोश मिटा आणि मुलीकडे बघा. बागेत एखादं अनोळखी मूल “तुझं नाव काय” म्हणालं तर ती कशी सांगते? पहिल्यासारखं खणखणीत, की खाली बघत? वहीवर नाव घालते का? दोन महिन्यांत तिनं स्वतःला कुठलं टोपणनाव घेतलंय का? एखाद्या घरगुती समारंभाला यायचं टाळते का? यातलं काहीच नसेल तर तुमच्याकडे भरपूर वेळ आहे. असेल, तर नाव बदलायचा विचार जरूर करा, मग शब्दकोशात त्याचा अर्थ कितीही मंगल असो. हे मी मृषाच्या आईला सांगतेय, तसंच ज्यांच्या मुलाच्या नावात काहीही वावगं नाही पण वर्गात त्यावरून खोडी निघते, त्या आईबापांनाही.

आणि आता त्या रात्रीकडे येते. तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे.

तुमच्या सगळ्या हकिगतीत मला एकच खोटं वाक्य सापडलं, आणि ते तुमचं आहे. “त्या आजोबांचं काहीतरी चुकलं.” समजू शकते. रात्र होती, तुम्ही साखरपुड्यातला अपमान गिळून आलेल्या होतात, पोर पांघरुणातून विचारत होतं. त्या क्षणी आणखी काय सुचणार? पण ते वाक्य फार दिवस टिकणारं नाही. आठवीत तिला संस्कृत येईल, किंवा त्याच्या कितीतरी आधी तीच मोबाइलवर आपलं नाव शोधेल. त्या दिवशी तिला एकदम दोन गोष्टी कळतील: आपल्या नावाचा अर्थ खोटं, आणि आईला ते माहीत होतं. पहिली ती हसण्यावारी नेईल कदाचित. दुसरी नेणार नाही.

शिवाय तिनं विचारलेले प्रश्न दोन होते. या शब्दाचा अर्थ काय, आणि मी कशी आहे. तुम्ही दुसऱ्या प्रश्नाला घाबरून पहिल्याचं उत्तर बदललंत. ते वेगळे काढून द्या. नवऱ्यालाही बसवा शेजारी, कारण नाव त्यांनी शोधलं होतं आणि ही तुमच्या एकटीची कबुली नव्हे. मी असते तर साधारण असं म्हणाले असते: “त्या रात्री तू विचारलंस ना, तेव्हा मी तुला चुकीचं सांगितलं. आजोबा बरोबर होते. मृषा हा खूप जुना शब्द आहे आणि त्याचा अर्थ खोटं असा आहे. आम्हाला ते माहीत नव्हतं. आम्हाला तो ऐकायला फार आवडला. आजोबा शब्दाबद्दल बोलत होते. तू खोटी नाहीस, आणि आजोबांनाही तसं म्हणायचं नव्हतं.” मग गप्प बसा. नाव बदलायचं का, हे त्याच दमात विचारू नका. सात वर्षांच्या मुलीला ‘तुझं नाव वाईट आहे, दुसरं हवंय का’ असं विचारलं की ती हो म्हणते, कारण तुमचा चेहरा तिला ते सांगायला लावतो. ती रडेल, किंवा “बरं” म्हणून रंगपेटी मागेल. दोन्हीची तयारी ठेवा. माझा अंदाज रंगपेटीचा आहे.

त्यानंतर दोन-तीन महिने जाऊ देत. तिच्या डोक्यात जे चाललं असेल ते तुकड्या-तुकड्यांनी बाहेर येईल, बहुधा तुम्ही घाईत असताना. मग तिघांनी मिळून ठरवा. नाव तसंच ठेवणं हा एक मार्ग आहे आणि तो पळपुटेपणाचा नाही. तिचं मन त्या नावात रमलं असेल तर अर्थाची गंमत ती पुढे स्वतःच सांगत फिरेल; अशी माणसं मी पाहिली आहेत, ओळख करून देताना त्यांना विषय शोधावा लागत नाही. पूर्ण बदलणं हा दुसरा मार्ग. त्यात अट एकच: नवं नाव तिनं निवडायचं, तुम्ही, नवरा आणि सासूबाईंनी फार तर चार-पाच नावं समोर ठेवायची. घरात काही दिवस त्या नावानं हाक मारून बघा. ओ देते का, ते कळेल.

तिसरा मार्ग मला सुचला तेव्हा मी खुर्चीत ताठ बसले. भागवताच्या अगदी पहिल्या श्लोकात ‘यत्र त्रिसर्गोऽमृषा’ असे शब्द आहेत. मधल्या ‘ऽ’ला अवग्रह म्हणतात. तिथे एक अ होता, तो संधीत बुडाला, हे सांगणारं ते चिन्ह. त्याचा उच्चार होत नाही. ते धरलं तर शब्द अमृषा, म्हणजे खोटं नव्हे ते, खरं. सोडलं तर मृषा, खोटं. म्हणताना कानाला तसूभर फरक कळत नाही. टीकाकार श्रीधरस्वामींनी दोन्ही वाचनं घेऊन दोन्ही अर्थ लावून दाखवले आहेत. म्हणजे मुलीचं नाव कागदोपत्री अमृषा केलं, तर घरातली हाक आहे तशीच राहते, अर्थ मात्र पार उलटा होतो, आणि दुसरं असं नाव सहसा कुणाचं नसणार, ही तुमची जुनी हौसही फिटते.

एक संध्याकाळभर मी या शोधावर खूश होते. मग जाणवलं, हे मी शब्दकोडं सोडवल्यासारखं केलं. मुलीला विचारलेलंच नाही. अमृषा म्हटल्यावर वर्गात आणखीच वेगळं वाटेल का, अमृता ऐकून बाई रोज चुकतील का, हे तिलाच माहीत. तेव्हा चार-पाच नावांच्या यादीत हे एक असू द्या. वर नको, मध्येच कुठेतरी.

बदलायचं ठरलंच तर कागदांचं थोडक्यात. जन्मनोंदीतली चूक १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १५व्या कलमाखाली दुरुस्त होते; पण ‘अर्थ नंतर कळला’ ही त्या अर्थानं चूक नव्हे. नोंद करताना लिहिलं गेलं ते तुम्ही सांगितलेलंच नाव होतं. म्हणून रस्ता राजपत्राचा. तुम्ही महाराष्ट्रात राहता, तेव्हा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यायची. अर्ज ऑनलाइन होतो, आणि मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर तो पालक करतात. ती प्रत हातात आली की शाळा, मग आधार, मग पासपोर्ट असेल तर पासपोर्ट. घाई नाही, पण दहावीच्या आत उरका. एकदा मंडळाचं प्रमाणपत्र निघालं की त्यावरच्या नावासाठी खेटे वाढतात. सर्वोच्च न्यायालयानं जून २०२१ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाविरुद्धच्या एका प्रकरणात नाव हा माणसाच्या ओळखीचाच भाग आहे आणि मंडळाला बदलाला सरसकट नकार देता येणार नाही असं म्हटलं, हे खरं. पण तिथपर्यंत जायची वेळ कशाला आणा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हेही ध्यानात ठेवा. तैवानमध्ये मार्च २०२१ मध्ये एका सुशी विकणाऱ्या साखळीनं ‘ज्यांच्या नावात सामन मासा, त्यांना जेवण फुकट’ असं जाहीर केलं, तर तीनशेहून जास्त लोकांनी सरकारदरबारी जाऊन नावात सामन घालून घेतला. तिथे तीनदा बदलायची मुभा आहे. आपल्याला एवढी चैन नाही.

हे सदर वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी अजून पाळणा हलायचा आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. मोबाइलवरच्या अर्थावर विसंबू नका. वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९०चा आहे आणि आज फुकट बघता येतो; जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठानं असे अनेक जुने कोश शोधता येतील अशा रूपात ठेवले आहेत. विष्णूचं नाव म्हणत असतील तर विष्णुसहस्रनाम उघडून बघा, आहे का त्यात. कोशात शब्दच सापडला नाही, तरी हरकत नाही. निरर्थक पण गोड नाव ठेवायला माझी ना नाही, फक्त ते लक्ष्मीचं आहे असं कुणाला सांगू नका. आडनाव जोडून मोठ्यानं म्हणा: शुभ्रा हे नाव सुंदर आहे, आडनाव काळे नसेल तर. इंग्रजी आद्याक्षरं एका ओळीत लिहून बघा. आणि खिडकीतून खाली खेळणाऱ्या मुलाला जेवायला बोलावताय असं समजून तीनदा ओरडून पाहा. तिसऱ्या वेळी ओशाळल्यासारखं झालं तर पुढचं नाव घ्या.

नणंदांना एकदाच सांगा, मुलीसमोर हा विषय बंद. आणि हे तुम्ही नाही, त्यांच्या भावानं सांगायचं. सासूबाईंशी राशीवरून वाद घालू नका, त्यांच्या अक्षरावरचं एक नाव यादीत घ्या म्हणजे त्याही यादीत आल्या.

राहिले ते आजोबा. त्यांचा राग तुमच्या पत्रात ओळीओळीला आहे. चारचौघांत हसायला नको होतं, ती त्यांची चूकच. पण साऱ्या गणगोतात अर्थ माहीत असलेला माणूस तेवढा एकच निघाला. मुलीशी तुमचं बोलणं झालं, की एखाद्या रविवारी तिला घेऊन त्यांच्याकडे जा. आधी फोन करून सांगा की भागवताचा पहिला श्लोक हिला दाखवायचाय. निवृत्त शिक्षक शिकवायला नाही म्हणत नाही, आणि हसल्याचं त्यांनाही लागून राहिलं असेल. वही-पेन्सिल न्या. तो ‘ऽ’ त्यांनी काढून दाखवला आणि हे लिहायचं पण म्हणायचं नाही असं सांगितलं, की ती त्यांना काय विचारते, ते मला जरूर कळवा.